दीर्घकालीन आरोग्य अभ्यासातली गळती: या चुका टाळा

तीच माणसे वर्षानुवर्षे तपासणाऱ्या अभ्यासातून दर वर्षी उरलेल्यांपैकी १० टक्के सहभागी गळाले, तर दहा वर्षांनी मूळ गटातले जेमतेम ३५ टक्के उरतात. त्यात गळणारे बहुधा उरणाऱ्यांसारखे नसतात. जास्त आजारी, सारखे घर बदलणारे, कामाच्या वेळा हातात नसलेले आधी सुटतात आणि निष्कर्ष निघतात ते धडधाकट लोकांचे.

पहिली चूक नियोजनातच होते. शेवटी ४०० जण हवेत, गळती २० टक्के धरली, म्हणून ४८० घेतले जातात. प्रत्यक्षात उरतात ३८४. ४०० ला ०.८ ने भागायचे असते, उत्तर ५००. अर्थात, जास्त माणसे घेतल्याने संख्या भरून निघते, निष्कर्षांचा एकांगीपणा नाही.

सगळ्यात महाग पडतो तो एकच मोबाइल नंबर. नोंदणीच्याच दिवशी वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या तीन व्यक्तींची नावे, नाते आणि नंबर घ्या. त्यांच्याकडे चौकशी करण्याची लेखी परवानगीही घ्या. सहभागीचा नंबर समोरच लावून पाहा, कारण चुकलेला एक आकडा वर्षभराने कळून उपयोग नसतो. भेट वर्षातून एकदाच असली तरी पत्ता-नंबर दर सहा महिन्यांनी तपासा. नातेवाइकाशी बोलताना आजाराचा उल्लेख करायचा नाही. अभ्यासाच्या नावातच ‘एचआयव्ही’ असेल, तर फोनवर सांगायचे तटस्थ नाव अभ्यासाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीकडून आधीच मंजूर करून घ्या.

‘चार वेळा फोन केला, उचलत नाहीत’ अशी नोंद दिसली की वेळा बघाव्यात. चारही फोन कामाच्या दिवशी सकाळी अकराला केले असतील, तर तो एकच प्रयत्न समजा. संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस राहिलाच.

नोंदवहीत ‘सोडले’ असा एकच रकाना ठेवू नका. भेट चुकली, संपर्क तुटला, नकार दिला, मृत्यू झाला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. भेट चुकलेल्याला पुढच्या फेरीला बोलवायचेच. ‘आता नको’ म्हणणाऱ्याला नेमके काय नको ते विचारा: भेटी, रक्त देणे, की सगळेच? फक्त फोनवर उत्तरे देणे किंवा दवाखान्यातल्या नोंदी पाहू देणे, हे पर्याय संमतीपत्रातच असावेत. पूर्ण नकार असेल तर तिथेच थांबा. कारण सांगण्याची सक्ती नाही.

मोबदल्याची मोठी रक्कम शेवटच्या भेटीसाठी राखणे चूकच. ती भेटीगणिक द्या, प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. न्यूझीलंडच्या डनेडिन अभ्यासात मुळात १९७२-७३ मध्ये जन्मलेले १०३७ जण होते. परदेशी गेलेल्यांनाही तिथे विमानाने बोलावून घेतात. वयाच्या ४५ व्या वर्षी, हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के तपासणीला आले. एवढा खर्च सगळ्यांना झेपणार नाही, पण रक्त उपाशीपोटी हवे असेल तर ते आधी घेऊन, नाश्ता देऊन मग प्रश्नावली सुरू करणे कुणालाही जमते. दोन तास भुकेला बसलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

एवढे करूनही गळती थांबत नसेल, तर एकूण टक्केवारी बाजूला ठेवा आणि केंद्र, भेटीचा क्रमांक व फोन करणारा कर्मचारी यांनुसार आकडे दर महिन्याला वेगळे काढा. दुसऱ्या भेटीलाच माणसे गळत असतील, तर नोंदणीच्या वेळी अभ्यास किती वर्षांचा आणि भेट किती तासांची, हे बहुधा नीट सांगितलेले नसते.