आरसी नावावर झाली, ॲप जुन्या मालकाकडेच: कनेक्टेड गाडीच्या या चुका टाळा

२०१९ मध्ये एमजी हेक्टर आणि ह्युंदाई व्हेन्यू आल्या तेव्हा 'इंटरनेटवाली गाडी' हा शोरूममधला कौतुकाचा विषय होता. त्या पिढीच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या हातात जाताहेत. जालना, लातूर, नांदेडकडे जुनी गाडी घेताना टायर बघतात, किलोमीटर बघतात, बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, कुठे ठोकलीय का म्हणून पत्रा चाचपतात. गाडीच्या पोटातलं सिमकार्ड, जे गाडीचं ठिकाण कंपनीच्या ॲपला कळवत असतं, त्याचं मात्र कोणी विचारत नाही.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले, कर्जाचा बोजा उतरवला, आरसी हातात आली की गाडी आपली झाली असं वाटतं. आरटीओचा आणि कंपनीच्या ॲपचा काही संबंध नसतो. जुन्या मालकाने आपल्या खात्यातून गाडी काढली नसेल, तर परभणीत बसून त्याला दिसतं की तुमची गाडी काल रात्री कुठे उभी होती. काही मॉडेल्समध्ये तो लांबून दारं उघडू शकतो, एसी चालू करू शकतो. त्याच्या मनात वाईट असेलच असं नाही, बऱ्याचदा त्याच्या लक्षातच नसतं. पण घरातल्या घरात हाच प्रकार जास्त बोचरा होतो. गाडी बायको चालवते आणि खातं नवऱ्याच्या नंबरवर असतं. दोघांत कोर्टकचेरी सुरू झाली की ती वकिलाकडे कधी गेली, माहेरी कधी गेली, हे त्याला आयतं कळत राहतं.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा. विकणाऱ्याला तुमच्यासमोर ॲपमधून गाडी काढायला लावा, मग गाडीच्या स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून स्क्रीन नव्यासारखी करा, मग आपला नंबर नोंदवा. पुष्कळ जण फक्त रीसेट करतात. त्याने स्क्रीनवरचे कॉन्टॅक्ट आणि घराचा पत्ता जातो, पण कंपनीच्या सर्व्हरवरचं जुनं खातं तसंच राहू शकतं. मध्ये डीलर असेल तर हे इसार देण्याआधीच बोलून घ्या, कारण मूळ मालकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी डीलरकडे नसतो. 'ही गाडी आधीच नोंदलेली आहे' असा मेसेज आला तर आरसीची प्रत आणि चेसिस नंबर जोडून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. नुसत्या फोनवर विसंबू नका, लेखी काहीतरी हाती असू द्या.

फास्टॅगचंही तेच. काचेवर जुन्या मालकाचा टॅग राहिला तर टोल त्याच्या खात्यातून जातो, म्हणून घेणारा खूश असतो. पण समृद्धीवरून उतरलात की कोणत्या नाक्यावर, किती वाजता, याचा मेसेज त्याच्याच मोबाइलवर जातो. जुना टॅग बंद करवून आपल्या नावाचा घ्या.

नव्या गाडीची चूक डिलिव्हरीच्या दिवशी होते. हार, नारळ, पेढे, फोटो, आणि त्या गडबडीत शोरूमचा पोरगा तुमचा मोबाइल मागून घेतो, ॲप टाकतो आणि जे विचारेल त्याला 'सहमत' दाबत सुटतो. त्याचं काही चुकत नाही, त्याला पुढची गाडी द्यायची असते. घरी आल्यावर निवांत बसून परवानग्या तपासा. कॉन्टॅक्ट, माइक विनाकारण चालू असतील तर बंद करा. मोबाइलचं लोकेशन बंद केलं म्हणजे गाडी दिसेनाशी झाली, हा मात्र गैरसमज आहे. गाडीला स्वतःचं सिम आणि जीपीएस असतं, तुमचा फोन घरी विसरला तरी ती आपला पत्ता पाठवत राहते.

लग्नासाठी भाड्याने घेतलेल्या गाडीला ब्लूटूथ जोडता तेव्हा कॉन्टॅक्ट द्यायला नकार द्या आणि परत करताना यादीतून आपला फोन काढा. एवढंच.

चोरीच्या भीतीने स्वस्तातला जीपीएस बसवणाऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, जेसीबीवर तो सर्रास दिसतो. अशा बऱ्याच यंत्रांचा कंपनीचा पासवर्ड १२३४५६ असतो आणि बसवणारा मेकॅनिक तो बदलत नाही. २०२२ मध्ये मायकोडस एमव्ही७२० या ट्रॅकरबद्दल अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला होता, त्यात लांबून इंधन तोडता येण्याचा धोकाही होता. पासवर्ड आजच बदला. काळीपिवळी किंवा बसवर कायद्याने बसवलेलं ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण मात्र काढायचं नाही.

'मोठ्या कंपन्या सांभाळतील की' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन दाखले. टोयोटाने मे २०२३ मध्ये मान्य केलं की जपानमधल्या सुमारे २१.५ लाख गाड्यांची माहिती क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणुकीच्या, चुकीच्या सेटिंगमुळे जवळपास दहा वर्षं उघडी होती. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती अशीच सापडली, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं ठिकाणही अचूक कळत होतं.

विमा घेताना 'कशी चालवता त्यावर हप्ता' हा पर्याय दिसला तर आधी वाचा, मग निवडा. आपल्याकडे २०२२ पासून त्याला परवानगी आहे. हप्ता कमी होईलही, पण तुमचे करकचून लावलेले ब्रेक विमा कंपनी मोजणार.

याच्या उलटी चूकही होते: घाबरून सगळंच बंद करणं. बीड-अहिल्यानगर रस्त्यावर रात्री गाडी उलटली तर आपोआप मदत मागणारी सोय चालू असलेलीच बरी. चोरी झाल्यावर गाडी शोधण्याची सोयही ठेवा. जाहिरात, 'सेवा सुधारणा', इतर कंपन्यांना माहिती देणं, हे मात्र जिथे बंद करता येतं तिथे करा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. गाडी विकल्यावर कंपनीला साधा ईमेल टाका: चेसिस नंबर, विक्रीची तारीख, आणि 'माझं खातं बंद करून माझी माहिती काढून टाका, काढल्याचं कळवा' एवढं एक वाक्य. उत्तर येईल ते आरसीच्या झेरॉक्ससोबत जपून ठेवा.