कॉन्सर्ट रेकॉर्ड करायचीये? मग टाळ्या विसरा

मी पहिल्यांदा टेपरेकॉर्डर घेऊन रॉक कॉन्सर्टला गेलो तेव्हा ज्या एका गाण्यासाठी गेलो होतो नेमका त्याच गाण्याचा गिटार सोलो चालू असताना कॅसेटची बाजू संपली. खट्ट! नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं, हे मला काय माहीत नव्हतं का, पण मी डोळे मिटून मान हलवत बसलेलो. कॅसेट उलटी करून परत बटण दाबेपर्यंत सोलो आटपला होता, आणि आजही ते गाणं माझ्याकडे दोन तुकड्यांत आहे, मधे माझ्या तोंडचा एक शब्द आहे तो इथे लिहीत नाही.

तर पहिलं हे डोक्यात घ्या की त्या दिवशी तुम्ही अर्धेच फॅन असता. टाळ्या नाही, शिट्ट्या नाही, सोबत गाणं तर मुळीच नाही, कारण माइकच्या सगळ्यात जवळ तुमचाच गळा असतो. आणि बँडची परवानगी आहे का ते आधी बघा. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडवाले फॅन्सना खुशाल रेकॉर्ड करू द्यायचे, शेवटी माइकच्या काठ्यांचं इतकं रान माजलं की १९८४ मध्ये त्यांनी टेपर, म्हणजे असं रेकॉर्ड करणाऱ्या लोकांसाठी साउंडबोर्डच्या (आवाज मिक्स करायच्या टेबलाच्या) मागे वेगळी जागाच काढून दिली. बाकी बरेच बँड नाहीच म्हणतात. १९७७ ला लॉस एंजेलिसच्या फोरम या हॉलमध्ये माइक मिलार्ड नावाच्या एका फॅनने लेड झेपेलिन हा ब्रिटिश रॉक बँड रेकॉर्ड केला ते व्हीलचेअरमध्ये रेकॉर्डर लपवून, चालता येत असून! ते रेकॉर्डिंग लोक अजून ऐकतात, पण हा रस्ता मी सुचवत नाहीये हां. त्यातून घ्यायचं ते एवढंच, त्याचे माइक चांगले होते आणि खुर्चीत बसलेला माणूस उड्या मारत नाही.

आता जागा. सगळे स्टेजला चिकटायला धावतात आणि तिथेच फसतात, कारण गाणाऱ्याचा आवाज तुमच्याकडे येतो तो बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून, आणि तुम्ही त्यांच्या मधे खाली उभे असलात तर ड्रम आणि गिटारचे अँप छान येतात पण शब्द गायब. मिक्सिंग करणारा जिथे बसतो त्याच्या थोडं पुढे, मधोमध उभे राहा, तो जे ऐकून आवाज जमवतोय साधारण तेच तुम्हाला मिळेल. बाल्कनीच्या खाली नको, भिंतीच्या कोपऱ्यात तर नकोच, तिथे बास नुसता घुमतो. माइक डोक्यांच्या वर ठेवा, समोरच्याची पाठ झांजांचा आवाज खाऊन टाकते.

लेव्हलचं, म्हणजे रेकॉर्डर आवाज किती जोरात घेतो त्याचं सांगतो, इथे सगळ्यात जास्त वाट लागते. सुरुवातीच्या छोट्या बँडवर लेव्हल लावू नका, मुख्य बँड आला की आवाज बहुतेक वेळा वाढतोच. डिजिटल रेकॉर्डरच्या २४ बिट सेटिंगवर रेकॉर्ड करत असाल तर सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या (शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो), कमी आलेला आवाज घरी वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र नीट होत नाही. ऑटो गेन, म्हणजे लेव्हल आपोआप कमीजास्त करणारी सोय, आधी बंद करा, नाहीतर प्रत्येक ड्रमच्या ठोक्याला गाणं खाली बसतं आणि परत वर येतं, ऐकताना बोटीत बसल्यासारखं होतं. रेकॉर्डरकडूनच करंट घेणारे छोटे कॉलर माइक मोठ्या आवाजाला लवकर दम टाकतात, त्यांना मधे ९ व्होल्टचा बॅटरी बॉक्स लावला की बराच फरक पडतो. आणि कानात प्लग घाला राव, १०० डेसिबलला १५ मिनिटं एवढीच सुरक्षित मर्यादा धरतात, कॉन्सर्ट चालते दोन तास.

मशीन चालू केलं की त्याला हात लावू नका, कपड्याची सळसळ पण येते. नवी बॅटरी, मोकळं कार्ड. आणि अजून कॅसेटच वापरणारे कोणी असाल तर १२० ची घेऊ नका, तिची टेप पातळ असते, अडकते नाहीतर ताणली जाते. घड्याळ बघून ४० व्या मिनिटानंतर जे गाणं संपेल तिथेच बाजू पलटा.

घरी आल्यावर मूळ फाइल तशीच ठेवा, जी काय छेडछाड करायची ती कॉपीवर. एमपीथ्री नको, त्यात आवाजातला काही भाग कायमचा जातो, फ्लॅक करा, त्यात काही न गमावता फाइल लहान होते. तारीख, हॉल, माइक, उभं राहायची जागा आणि गाण्यांचा क्रम त्याच रात्री लिहा, मी "उद्या लिहू" म्हणून ठेवलेल्या दोन टेप कुठल्या हे आता मलाच सांगता येत नाही. जुनी टेप कॉम्प्युटरवर घेताना कॅसेट डेकच्या हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) स्क्रू अगदी किंचित फिरवून झांजा जिथे सगळ्यात लख्ख ऐकू येतात तिथे थांबा, मगच पूर्ण टेप घ्या. आणि कॅसेटच्या मागच्या कडेचे ते दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे आजच तोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही टेप होत नाही. माझ्या एका टेपवर शेवटची वीस मिनिटं घरातल्यांनी टेप केलेल्या क्रिकेटच्या कॉमेंट्रीची आहेत.