क्रॉप सेन्सर मिररलेस कॅमेऱ्याची किंमत कशी पारखावी

नवा क्रॉप सेन्सर मिररलेस कॅमेरा (आत आरसा नसलेला आणि ‘फुल फ्रेम’ म्हणजे ३६ x २४ मिलिमीटरपेक्षा लहान सेन्सरचा) बाजारात आला की ‘एवढ्या किमतीला घ्यावा का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. बॉडीच्या किमतीवरून त्याचे उत्तर देता येत नाही, कारण नुसत्या बॉडीने एकही छायाचित्र निघत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपण काय टिपणार आहोत, कोणत्या उजेडात टिपणार आहोत आणि त्यासाठी कोणती लेन्स लागेल हे कागदावर लिहावे; बॉडी, ती लेन्स, एक जादा बॅटरी आणि कार्ड यांची बेरीज करावी आणि मगच दोन कॅमेऱ्यांची तुलना करावी. ही पहिली पारख.

बेरजेचा हा आग्रह का, ते किट लेन्सकडे पाहिले की कळते. निकॉनच्या झेड ५० टू सोबत मिळणाऱ्या छोट्या १६-५० लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) ५० मिलिमीटरला एफ/६.३ पेक्षा जास्त उघडत नाही. त्याच जागी एफ/२.८ ची लेन्स असेल तर सेन्सरवर सुमारे पाचपट प्रकाश पडतो. म्हणजे मंगल कार्यालयात जिथे एफ/२.८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्रात दाणे वाढतात) १६०० पुरला असता, तिथे किट लेन्सला ८००० लागतो. गडावर, शेतात किंवा समुद्रकिनारी भर उन्हात हीच लेन्स चोख काम देते, तेव्हा तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ज्याला साखरपुडे आणि बारशी टिपायची आहेत, त्याने दुसऱ्या लेन्सचे पैसे पहिल्याच दिवशी हिशेबात धरावेत.

ती दुसरी लेन्स आपल्या कॅमेऱ्याच्या माउंटसाठी (लेन्स जिथे बसते ती जोडणी) मिळते का, हेही आधीच पाहावे. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठीही लेन्स बनवणाऱ्या सिग्माची १८-५० एफ/२.८ सोनीसाठी २०२१ मध्ये आली, फुजीफिल्मसाठी २०२२ मध्ये आणि कॅननच्या आरएफ माउंटसाठी थेट २०२४ मध्ये; निकॉनने आपली १६-५० एफ/२.८ त्यानंतर २०२५ मध्ये आणली. त्यामुळे कॅनन आर७ ही २०२२ मध्ये घेणाऱ्याच्या पदरात जे पडले, त्यापेक्षा आज तीच बॉडी घेणाऱ्याच्या पदरात अधिक पडते.

दुसरी पारख आधीच्या मॉडेलशी करावी आणि वाढीव पैशांत नेमके काय वाढले ते मोजावे. फुजीफिल्मचा एक्स-टी३० हा २०१९ मध्ये अमेरिकेत ८९९ डॉलरला आला, तर त्याच घराण्यातला एक्स-टी५० हा २०२४ मध्ये १,३९९ डॉलरला. त्या ५०० डॉलरमध्ये मेगापिक्सेल २६ चे ४० झाले, सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आली आणि प्रोसेसर नवा झाला. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहण्याची खिडकी) आणि बॅटरीची जात मात्र होती तशीच राहिली, आणि कार्डाची खाचही एकच राहिली. सेन्सर स्थिर ठेवल्याने आपल्या हाताचा कंप झाकला जातो, समोर धावणारे मूल थांबत नाही. मंदिरातले कोरीवकाम संध्याकाळी तिपाईशिवाय टिपणाऱ्याला या यंत्रणेचे मोल मोठे आहे; खेळ टिपणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी थांबून विचार करावा.

याउलट निकॉन झेड ५० हा २०१९ मध्ये साधारण ८६० डॉलरला आला होता आणि २०२४ चा झेड ५० टू ९०९ डॉलरला आला. सेन्सर त्याच २०.९ मेगापिक्सेलचा राहिल्याने अनेकांनी ‘यात नवे काय?’ असे विचारले. नवा होता तो झेड ८ आणि झेड ९ मधला एक्स्पीड ७ प्रोसेसर, ज्यामुळे माणूस, प्राणी, पक्षी, वाहन ओळखून फोकस धरला जातो. चुकलेल्या फोकसचे छायाचित्र कितीही मेगापिक्सेल असले तरी टाकूनच द्यावे लागते, त्यामुळे माझ्या मते ही वाढ कागदावर दिसते त्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे.

तिसरी पारख शेजारच्या फुल फ्रेमशी, आणि ती टाळू नये. कॅननचे आर७ आणि आर८ हे दोन्ही कॅमेरे १,४९९ डॉलरलाच बाजारात आले. आर७ क्रॉप सेन्सरचा, ३२.५ मेगापिक्सेलचा, दोन कार्डांचा, मोठ्या बॅटरीचा आणि स्थिर सेन्सरचा. आर८ फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेलचा, एका कार्डाचा आणि लहान बॅटरीचा, शिवाय त्यात सेन्सर स्थिर ठेवण्याची सोय नाही. भिगवणला नावेतून रोहित पक्षी टिपताना ४०० मिलिमीटरची लेन्स आर७ वर ६४० सारखी दिसते आणि सगळे ३२ मेगापिक्सेल हाती राहतात. आर८ चे चित्र तेवढेच कापले तर जेमतेम साडेनऊ उरतात. अंधाऱ्या सभागृहात मात्र पारडे फिरते, कारण फुल फ्रेमचे क्षेत्रफळ आर७ च्या सेन्सरच्या अडीच पटींहून थोडे अधिक आहे आणि त्याच अ‍ॅपर्चरला तो तितकाच जास्त प्रकाश गोळा करतो.

दुकानात कॅमेरा हातात आल्यावर इलेक्ट्रॉनिक शटर (यांत्रिक पडद्याऐवजी सेन्सर ओळीओळीने वाचणारे) लावावे, दाराच्या उभ्या चौकटीवर रोखावे आणि कॅमेरा झपकन डावीकडून उजवीकडे फिरवत चार-पाच फोटो घ्यावेत. चौकट तिरकी दिसली तर सेन्सर संथ वाचला जातो, असे समजावे. आर७ मध्ये हा दोष ठळक दिसतो, पण त्याचे यांत्रिक शटर सेकंदाला १५ फोटो घेत असल्याने मार्ग निघतो. सोनी झेडव्ही-ई१० टू मध्ये यांत्रिक शटरच नाही, तेव्हा तिथे ही चाचणी निर्णायक ठरते. एलईडी दिव्याखाली आडवे पट्टे उमटतात का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

डॉलरच्या किमतीला विनिमय दराने गुणून भारतातला भाव महाग ठरवणे योग्य नाही, कारण अमेरिकेतील जाहीर किमतीत तिथला विक्रीकर नसतो, तर आपल्याकडील एमआरपीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिक छायाचित्रकाराला १,१८,००० रुपयांच्या बिलातील १८,००० चे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेता येते, म्हणून त्याची खरी किंमत हौशी ग्राहकापेक्षा वेगळी निघते. परदेशातून मागवलेल्या किंवा बिलाविना स्वस्त मिळणाऱ्या कॅमेऱ्याला अनेकदा इथली वॉरंटी लागू होत नाही. मुंबईच्या बोरा बाजारात असो वा ऑनलाइन, पैसे देण्यापूर्वी खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि एमआरपीची चिकटपट्टी आहे का ते पाहावे, आणि बॉडीवर छापलेला अनुक्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवून घ्यावा.