कव्हरेज आणि प्रोफायलिंग: बिल्ड वेगवेगळे ठेवा

नागपूरच्या मिहानमध्ये लिनक्सवर सी++ लिहिणाऱ्यांनी एडिटरमध्ये दोन बिल्ड-टास्क (कोड कंपाइल करायच्या ठरवलेल्या आज्ञा) कराव्यात. कव्हरेजसाठी, म्हणजे टेस्टमध्ये कोणत्या ओळी चालल्या ते पाहायला, जीसीसी या कंपायलरचा ‘--कव्हरेज’ फ्लॅग आणि ‘-ओ०’ (ऑप्टिमायझेशन बंद). प्रोफायलिंगसाठी, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजायला, ‘-ओ२ -जी’ (ऑप्टिमायझेशन चालू, डीबग माहितीसह), आणि त्यावर ‘पर्फ’ हे लिनक्सचं प्रोफायलर चालवायचं. दोन्ही एकाच बिल्डवर उरकलं की कव्हरेजच्या मोजणीचा भार वेळेत मिसळतो, मग ते आकडे काय कामाचे?

खरी गोम ‘.जीसीडीए’ फायलींत आहे; कव्हरेजची मोजणी त्यांत साठते. नव्या रनची मोजणी जुन्या आकड्यांत मिळवली जाते, त्यामुळे काल चाललेली ओळ आज न चालताही अहवालात हिरवी, म्हणजे चाललेली, दिसते. म्हणून टेस्टआधी ‘एलकॉव्ह’ या कव्हरेजच्या साधनाने आकडे शून्य करायची पायरी टास्कमध्येच घाला. आणि ‘किल -९’ने प्रोग्राम जबरदस्तीने मारला तर मोजणी फायलीत उतरतच नाही. तर्रीपोह्याची घाई असली तरी प्रोग्राम नीट बंद होऊ द्या.