अहमदाबादचे दोन दिवस: कापड, चित्रं आणि माणेक चौक

१. आधी संग्रहालय, मग रेल्वेचं तिकीट

बहुतेक जण उलटं करतात. तिकीट काढतात, हॉटेल ठरवतात आणि मग कळतं की कॅलिको वस्त्रसंग्रहालयात जागा नाही. १९४९ साली साराभाई कुटुंबानं उभारलेल्या या संग्रहालयात आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश मिळत नाही आणि एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. बुधवारी ते बंद असतं. दहा वर्षांखालच्या मुलांना नेता येत नाही, म्हणून घरात लहान मूल असेल तर तेव्हा कोण थांबणार हेही आत्ताच ठरवा. तारीख पक्की झाली की बाकीचं सगळं तिच्याभोवती बसवायचं. मुंबईकरांना गुजरात मेल सोयीची, रात्री झोपायचं आणि पहाटे उतरायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, शहर पतंगांनी सुंदर दिसतं, पण राहायची खोली लवकर धरावी लागते.

२. कॅलिकोत घाई करू नका

मोबाइल, कॅमेरा, पिशवी बाहेर ठेवावी लागते. मला हा नियम फार आवडतो, कारण फोटो काढायचा नाही म्हटलं की डोळे नीट काम करतात. आत जुने तंबू, काश्मिरी शाली, कलमकारी, मंदिरातल्या पिछवाया (मूर्तीमागे लावायचे चित्रांचे पडदे) असं खूप आहे. सगळं लक्षात राहणार नाही. म्हणून एकच गोष्ट निवडा. माझं मत विचाराल तर पटोळा. पाटणच्या पटोळ्यात उभे आणि आडवे दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवतात. विणताना रंगावर रंग जुळवत नक्षी उमटते. एका साडीला कित्येक महिने लागतात. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागावर विणतानाच जन्मतो, पटोळ्यातला हत्ती मात्र त्याआधीच धाग्यात दडलेला असतो. पैठणी पाहिलेल्या माणसाला हा फरक समोर बघताना वेगळाच आनंद होतो.

बाहेर आल्यावर लगेच कुठे धावू नका. चहा घ्या आणि आठवतं ते वहीत लिहून ठेवा.

३. हुसेन दोनदा भेटतात

संध्याकाळी ‘अमदावाद नी गुफा’ गाठा. बाळकृष्ण दोशींनी जमिनीखाली बांधलेल्या या कलादालनाच्या भिंती-छतांवर मकबूल फिदा हुसेन यांनी चित्रं काढली आहेत. वर फक्त फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेले घुमट दिसतात. हुसेन मूळचे आपल्या पंढरपूरचे. त्यांचंच एक चित्र लाल दरवाजाजवळच्या ‘लकी’ या चहाच्या हॉटेलात भिंतीवर आहे, तिथे टेबलांच्या मधोमध जुन्या कबरी आहेत आणि लोक शेजारी बसून मस्का-बन खातात. सिदी सय्यद मशिदीची कोरीव दगडी जाळी तिथून जवळच, तीही बघून घ्या.

४. दुसरी सकाळ पायी

काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी वारसाफेरी निघते. पोळांमधून, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांमधून, कोरीव लाकडी हवेल्या आणि चबुतऱ्यांवरची (पाखरांना दाणे घालायच्या खांबांवरची) पाखरं बघत ती जामा मशिदीपाशी संपते. ही मशीद १४२४ मधली. २०१७ साली या जुन्या शहराला युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. निघण्याआधी पोटभर खाऊ नका, कारण फेरीनंतर फाफडा, जिलेबी, पपईचा संभारो (कच्च्या पपईची परतलेली कोशिंबीर) आणि तळलेली मिरची हाच नाश्ता व्हायला हवा.

५. खरेदी

मशिदीच्या शेजारीच ‘राणी नो हजिरो’. राण्यांच्या कबरींभोवती भरलेला हा बायकांच्या कपड्यांचा बाजार आहे. चणिया चोळी, बांधणी, दागिने. भाव करावाच लागतो. बांधणी घेताना कापड उलटून बघा: खऱ्या बांधणीत प्रत्येक ठिपका किंचित वेगळा असतो आणि गाठ सोडल्याच्या चुण्या बोटांना लागतात. छापील कापडावर सगळे ठिपके सारखे दिसतात. पटोळ्याच्या नावानं स्वस्त साडी कुणी दाखवली तर ती छापील धरून चाला.

६. रात्र माणेक चौकात

दिवसा इथे सराफा चालतो. दुकानं बंद झाली की त्याच जागेत खाण्याच्या गाड्या लागतात. घुघरा सँडविच, अननसाचं सँडविच, भाजीपाव, शेवटी कुल्फी. चौघं असाल तर प्रत्येक पदार्थ एकच मागवा आणि वाटून खा, म्हणजे जास्त चवी घेता येतील. परतीची गाडी रात्रीची असेल तर सामान आधीच स्टेशनवर ठेवा; काळुपूर स्टेशन इथून रिक्षानं जवळ आहे.