मार्गळीत चेन्नईला गाणं ऐकायला जाताना

पुण्यात सवाई गंधर्वचा मांडव उतरला की माझी चेन्नईची बॅग भरायला सुरुवात होते. तिथला मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. या दिवसांत शहरभरच्या सभांमध्ये, म्हणजे संगीतसंस्थांमध्ये, सकाळपासून रात्रीपर्यंत कच्चेऱ्या, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफली, रंगतात. सगळं एका मांडवात नसतं, म्हणून आधी ठरवायचं ते राहायचं कुठे.

मैलापूर किंवा आळ्वारपेटमध्येच खोली घ्या. पहिल्या वर्षी मी त्यागरायनगरमधली कच्चेरी अर्धी सोडून तिरुवान्मियूरला कलाक्षेत्र या कलासंस्थेत जायला निघाले. रिक्षा वाहतुकीत अडकली, पोचले तेव्हा तिथलाही मुख्य राग गाऊन झाला होता. दोन्हीकडचं हुकलं. तेव्हापासून एका दिवसाला एकच टापू. म्युझिक अकादमी आणि नारद गान सभा दोन्ही टी.टी.के. रस्त्यावर आहेत, मैलापूरच्या सभाही तिथून लांब नाहीत. कलाक्षेत्राला वेगळा दिवस द्या.

तिकिटासाठी फार धास्ती घेऊ नका. मोठ्या नावांच्या संध्याकाळच्या कच्चेऱ्यांचं तेवढं आधी बघा. दुपारी बहुतेक सभांमध्ये तरुण कलाकार गातात आणि तिथं तिकीट नसतं. माझ्या मते खरा आनंद दुपारचाच. पुढच्या रांगेत जागा मिळते, गाणाराही जीव ओतून गातो. १९२८ साली सुरू झालेल्या म्युझिक अकादमीत सकाळी अभ्यासकांची सप्रयोग व्याख्यानं असतात, त्यातलं एक तरी ऐका. कच्चेरी दिलेल्या वेळेलाच सुरू होते, म्हणून दहा मिनिटं आधी खुर्चीत असा. सभागृहात एसीचा गारठा असतो, शाल हवीच. छत्रीही घ्या, तिथं डिसेंबरातही पाऊस येतो.

रागांची नावं एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. आपला यमन तिथं कल्याणी, भूप मोहनम्, मालकंस हिंदोळम्, दुर्गा शुद्ध सावेरी. तिथली तोडी ऐकताना मात्र आपल्या भैरवीचे स्वर कानी पडतील, गोंधळू नका. राग कळला नाही तर शेजारी विचारा, ‘इदु एन्न रागम्?’ कुणालाही राग येत नाही, उलट सगळे हौसेनं सांगतात.

आता ताल. कच्चेरीत सगळं सभागृह मांडीवर ताल धरतं आणि तुम्हालाही तो धरता आला तर गाणं निराळंच ऐकू येतं. मला तो शेजारी बसलेल्या एका मामीनं शिकवला. काही न बोलता तिनं माझा हात धरून माझ्याच मांडीवर ठेवला. आदि तालाच्या आठ मात्रा : एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा थाप आणि तळवा उलटा, थाप आणि तळवा उलटा. तीन-चार आवर्तनं झाली की बोटं आपोआप चालतात. मुख्य कृतीनंतर, म्हणजे मुख्य रचनेनंतर, मृदंगम् आणि घटम् यांचं तनि आवर्तनम्, म्हणजे नुसतं तालवाद्यांचं वादन, सुरू होतं, तेव्हा बरेच जण उठून कॅन्टीनकडे जातात. तुम्ही जाऊ नका. हा ताल हातात असेल तर ती वेळ सोन्यासारखी आहे.

कॅन्टीन आधी उरकून घ्या. सभांच्या कॅन्टीनमध्ये तिकीट नसलेल्यांनाही जाता येतं. केळीच्या पानावरचं जेवण दुपारच्या कच्चेरीआधी, संध्याकाळी अडै-अवियल (डाळ-तांदळाचा जाड डोसा आणि नारळातली मिश्र भाजी) आणि फिल्टर कॉफी.

एक दिवस तरी पहाटे उठून कपालीश्वर मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर जा. दारोदारी मोठमोठे कोलम, म्हणजे तिथल्या रांगोळ्या, काढलेले असतात आणि भजनी मंडळी गात फिरत असतात.

कच्चेरीच्या शेवटी छोट्या रचना येतात. तेव्हाही बसून राहा, मंगलम् ही समारोपाची रचना होईपर्यंत उठू नका. अरुणा साईराम, रंजनी-गायत्री या वेळी अभंग गातात. तंजावरच्या मराठी कीर्तनकारांकडून तिथल्या हरिकथेनं पुष्कळ घेतलं आहे, त्यामुळे विठ्ठल तिथं परका नाही. गेल्या वर्षी असाच एक अभंग संपल्यावर मामीनं विचारलं, ‘वीट’ म्हणजे काय? माझं तमिळ तिथवर पोचेना. मी तिच्या रागांच्या वहीत विटेचं चित्र काढलं आणि वर दोन पावलं काढली.