सस्पेंड होताना हरवणारा वेकअप संकेत: माझा अनुभव
महापे येथील आमच्या कारखान्यातील लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे हजेरी यंत्र सस्पेंड होत (वीज वाचवण्यासाठी झोपी जात) असतानाच कोणी कार्ड टेकवले, तर त्या वेकअप म्हणजे जागे करणाऱ्या संकेताची दखल न घेताच ते झोपी जात असे. ड्रायव्हरचे (कार्ड वाचणारा भाग हाताळणाऱ्या प्रोग्रामचे) सस्पेंड फंक्शन, इंटरप्टला म्हणजे हार्डवेअरकडून येणाऱ्या संकेताला यंत्र जागे करू देणारे 'एनेबल_आयआरक्यू_वेक' वापरत असल्यामुळे पूर्ण झोपेतून जाग येई. प्रश्न होता तो मधल्या क्षणांचा. म्हणून इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, सुरुवातीलाच 'पीएम_वेकअप_इव्हेंट' बोलावले; ते वेकअप संकेत आल्याची नोंद कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) करते. मात्र तेवढ्याने भागत नाही, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सस्पेंडचा आदेश देणाऱ्या प्रोग्रामने आधी 'वेकअप_काउंट' फाइलमधील आकडा (आतापर्यंत नोंदवलेल्या वेकअप संकेतांची संख्या) वाचून तोच परत लिहायला हवा, तरच त्यानंतर असा नोंदवलेला संकेत आल्यावर कर्नल सस्पेंड अर्ध्यावर सोडतो. वाचणे आणि लिहिणे यांच्या दरम्यान संकेत आलाच, तर ते लिहिणेच अयशस्वी होते. हा बदल केल्यावर अशा वेळी टेकवलेल्या कार्डाचीही हजेरी लागू लागली.